पलीकडे मिटलेलं पान

१

एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. त्या घरात दुपारी जेवायला कुणी कुठे बसायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. आप्पा खिडकीखाली. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून, कचेरी हाकेच्या अंतरावर, म्हणून दुपारी घरी येतात. सईबाई आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, म्हणजे वाढता वाढता जेवता येतं. आणि मी मागच्या दाराशी. तिथून अंगणातला नळ आणि कपड्यांची दोरी दिसते. आई मी लहान असतानाच गेली. आप्पांच्या या थोरल्या बहिणीने मला वाढवलं, आणि त्या बदल्यात मला कधी सुखाने जेवू दिलं नाही.

"कढीपत्ता काय कवायतीला उभा केलायस गे?" हे रोजचं. मला कढीपत्ता चावायला आवडत नाही. मी पानं वेचून केळीच्या पानाच्या वरच्या कडेला एका रांगेत लावते, देठ सगळे एका बाजूला. आत्याला वाटतं हा अन्नाचा अपमान. मला वाटतं ही शिस्त.

आत्याचे नियम पुष्कळ आहेत, पण दोन इथे सांगायला हवेत. एक, जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं. वरची कड उचलून आपल्या बाजूला आणायची. पलीकडे मिटतात ते मयताच्या घरी, तेराव्याला. हे मद्रासमध्ये सगळेच पाळतात. दुसरा नियम आमच्या घरापुरता. घरातलं माणूस लांब गेलं की ते येईपर्यंत रोज त्याच्या जागी पान मांडायचं. त्यावर घासभर भात, वर तुपाची धार. बाकीच्यांचं जेवण झालं की तो भात कावळ्याला, आणि पान आत्याने स्वतः त्या रिकाम्या जागेकडे मिटायचं. आप्पांची तिरुचीला बदली झाली होती तेव्हा हे वर्षभर चाललं. मी शाळकरी होते. आप्पांच्या पानावर भाताबरोबर ठेवलेला अप्पळम, म्हणजे पापड, मी रोज पळवायचे आणि आत्याला वाटायचं, कावळ्याने नेला.

१९८२ साली मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, अड्यारच्या एका संस्थेत नोकरी ठरली, आणि रुजू व्हायच्या आधी मोकळा काळ मिळाला. अलमेलू, त्रिपुरसुंदरी आणि मी, कॉलेजपासूनच्या तिघी, जहाजाने पिनांगला जाणार होतो. तिथून मिळेल त्या बसने, रेल्वेने मलेशिया, थायलंड, सिंगापूर, जमलं तर सुमात्रा. मूर मार्केटमधून तीन जुन्या खाकी पाठपिशव्या आणल्या. माझ्या पिशवीचा एक पट्टा तुटका होता, त्याला मी लाल कापड शिवलं.

"तीन पोरी, संगं पुरुष नाही," आत्या म्हणाली. "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा की."

"नवरा मिळाला की त्याला तुझ्याकडे ठेवून जाईन. त्याचं पान मांड."

आप्पा खिडकीबाहेर बघून हसले. त्यांना मी जावं असं वाटत होतं की नाही, मला कळलं नाही. आप्पा नेहमी "सरी" म्हणतात. सरी म्हणजे बरं. हो म्हणायचं असलं तरी सरी, नाही म्हणायचं असलं तरी सरी.

निघायच्या दुपारी आत्याने दह्यातली डांगर पच्चडी केली होती, माझ्या आवडीची. जेवताना तिने एकदा नव्हे, दहादा सांगितलं, की मुलीची जात, परक्याचा मुलूख, आमच्या वेळी असं नव्हतं. शेवटचा दहीभात खाऊन मी तिच्याकडे बघत पानाची जवळची कड उचलली आणि पान पलीकडे मिटलं. मुद्दाम. चांगलं दाबून.

आत्याने माझं मनगट धरलं. हात गार होता.

"ही मयताची मिटणी आहे."

"केळीचं पान आहे, आत्या."

"परतीची वाट मोडलीस तू."

"जहाजाला वाट पान दाखवत नाही. होकायंत्र दाखवतं."

मला वाटलं ती रडेल. पण ती खाली बसली, माझं उष्टं पान स्वतःच्या हातांनी उलगडलं, सपाट केलं आणि माझ्या पाटाकडे मिटलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "सरी. जाणारी जा. माझी पोर मी राखीन."

२

जहाजावर पहिल्या दिवसापासून मजा होती. डेकवर दोऱ्यांच्या वेटोळ्यांवर बसून आम्ही सुरात, बेसुरात गायचो. अलमेलू उंच, सावळी, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख करून घेणारी. त्रिपुरा हिशोबी; तिकिटं, पासपोर्ट, नकाशे तिच्याकडे. मी भांडायचं काम करायचे. खलाशाशी, तिकीटवाल्याशी, आमच्याकडे टक लावून बघणाऱ्या काकांशी.

फक्त दुपारी मला भूक लागेना. सकाळी लागायची, रात्री लागायची. दुपारी ताटाकडे बघितलं की पोट भरलेलं, नुकतंच जेवून उठल्यासारखं. समुद्र लागला असेल असं मी धरून चालले. समुद्र लागल्यावर मळमळतं, मला मळमळत नव्हतं. उलट जेवणानंतरची सुस्ती यायची.

पिनांगला उतरलो आणि बंदराजवळच्या एका खानावळीत बसलो. मालक तमिळच होता, आमच्याच शेजारच्या गल्लीतला वाटावा असा. त्याने गरम भाताची दोन ताटं आणली. एक अलमेलूसमोर, एक त्रिपुरासमोर.

"अण्णा, आम्ही तिघी आहोत," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओशाळला. "माफ कर, अम्मा. तुझं जेवण झालंय असं वाटलं मला."

अलमेलू खो खो हसली. "तुझं तोंडच तसं आहे गं. ढेकर दिल्यासारखं."

मीही हसले. तिसरं ताट आलं. मी त्यातलं अर्धं त्रिपुराला दिलं.

पुढच्या गावी बसस्टँडवर चहाचे दोन पेले आले. सीमेजवळ, जिथे थायलंडची गाडी पकडायची होती, तिथे एका म्हातारीने पाटीतून भाताच्या दोन पुड्या काढून दिल्या आणि तिसरीसाठी मी हात पुढे केला तेव्हा माझ्याकडे चमकून पाहिलं. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. तिने स्वतःच्या पोटावर हात फिरवून गाल फुगवले आणि माझ्याकडे बोट केलं. तू तर भरलेली आहेस.

मी विचार करायला लागले. मी बारीक आहे, मागे उभी राहते, म्हणून मोजण्यात चुकत असेल. तीन ठिकाणी तीन माणसं चुकतात, यात अशक्य काही नाही. प्रयोगशाळेत तीन नोंदींवर कुणी निष्कर्ष काढत नाही. त्यानंतर मी मुद्दाम पुढे उभी राहायला लागले, मधली खुर्ची घ्यायला लागले, मागणी मीच मोठ्याने सांगायला लागले.

ताटं दोनच यायची.

३

बँकॉकमध्ये आम्ही कालव्याच्या कडेला एका लाकडी घराची माडी भाड्याने घेतली. खाली होड्या जायच्या. उकाडा आमच्या मद्रासचाच, पण चिकट. मी केस कापून टाकले. पाठीवरची वेणी गेली, मान मोकळी झाली. न्हाव्याने वेणी हातात दिली ती मी कालव्यात टाकली आणि अलमेलूने टाळ्या वाजवल्या. आत्याने रोज तेल लावून वाढवलेली ती वेणी होती. पाण्यावर जराशी तरंगली, मग होडीखाली गेली.

त्याच दुपारी मी माडीवर आडवी पडले होते. दोघी खाली फळं घ्यायला गेलेल्या. मी कपाळावर हात ठेवला आणि मला वास आला. हिंग, चिंच, तूप. बोटांना. डांगर पच्चडीत उडदाचं पीठ भाजून घालतात, त्याचा तो खमंग वाससुद्धा.

सकाळपासून मी केळ्याशिवाय काही खाल्लं नव्हतं.

मी उठून बसले. हिंगातले गंधकाचे पदार्थ कातडीला चिकटून राहतात, हे मला माहीत आहे. कित्येक दिवस राहू शकतात. पिशवीत आत्याने जबरदस्तीने घातलेली लोणच्याची बाटली होती. झाकण सैल असेल. मी बाटली काढली. झाकण घट्ट, त्यावर मेण. तरी ती मी खाली राहणाऱ्या बाईला देऊन टाकली, साबणाने हात धुतले, चोळून चोळून धुतले.

दुसऱ्या दिवशी तोच वास. त्या दिवशी रसम होतं. हो, मला कळत होतं काय शिजलंय ते. मिऱ्याची धग जिभेच्या मागच्या बाजूला बसायची. एका दुपारी दातात शेवग्याच्या शेंगेची शीर अडकली होती. मी जिभेने काढली, बोटावर घेतली, पाहिली. थायलंडमध्येही शेवगा असेल. नक्की असेल. मी खाल्ला नव्हता एवढंच.

एक गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येईना. देश बदलला की आम्ही घड्याळं बदलायचो. पिनांगला एक वेळ, बँकॉकला दुसरी. माझं ते भरलेपण आमच्या घड्याळाने येत नव्हतं. आप्पा कचेरीतून घरी येतात, चपला काढतात, खिडकीखाली बसतात, त्या वेळेला ते यायचं. आत्या तेव्हा पानं मांडते.

"अगं, तुला घरची आठवण येतेय," त्रिपुरा म्हणाली. "म्हण की सरळ. लाजतेस कशाला?"

"मला? आत्याची? मला आठवण आली तर मी स्वतःच्या कानफटात मारीन."

ती हसली. मग खाली जाऊन कॉफी घेऊन आली. दोन पेले. एक अलमेलूला दिला, एक स्वतः घेतला, कठड्याला टेकून पिऊ लागली. मी नुसती बघत राहिले. अर्धी कॉफी झाल्यावर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला.

"असं कसं झालं?" ती म्हणाली. ती खरंच मला विचारत होती.

४

मी आणखी चिडखोर झाले. कुणी नाव विसरलं की ओरडायचे. रेल्वेत दोघी बोलत असल्या की मध्येच मोठ्याने बोलायचे, आपण आहोत हे दाखवायला. दोघी माझ्याशी जास्तच गोड वागायला लागल्या, आजाऱ्याशी वागतात तसं. त्याचा मला त्याहून राग.

सिंगापूरला पोचलो. तिथून बेटाबेटांनी सुमात्राला जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढायला त्रिपुरा सकाळीच गेली. ती परत आली, तिकिटं टेबलावर ठेवली, पाणी प्यायली. तिकिटं दोन होती.

कुणीच हसलं नाही.

"मी खिडकीशी नावं सांगितली," त्रिपुरा हळू आवाजात म्हणाली. "अलमेलूचं आणि माझं. मला आठवतंय मी सांगितलं ते. भवानी, आपण तिघी निघालो होतो, हे मला आत्ता इथे तुला बघितल्यावर आठवलं."

अलमेलूने माझा हात धरला. "मी जाऊन काढते तिसरं."

"नको," मी म्हटलं. "मी घरी जाते."

मी हे रागाने म्हटलं नव्हतं. हे लिहिताना सांगते, कारण त्या दोघींना तसं वाटलं. माझी जागा कुठेतरी भरत होती आणि म्हणून इथे रिकामी होत होती, इतकं सरळ गणित मला तेव्हा दिसलं. त्यावर माझा विश्वास नव्हता. पण तपासायचं तर मद्रासलाच जायला हवं होतं.

जहाजाचं तिकीट मी स्वतः काढलं. मग टपाल कचेरीत जाऊन मद्रासला फोन लावला. आमच्याकडे फोन नाही. वरच्या मजल्यावर घरमालक रामस्वामी राहतात, त्यांच्याकडे आहे. त्यांनी आप्पांना हाक मारली. जिन्यावर चपला वाजल्या, मग आप्पांचा श्वास आला. दुपार होती, ते जेवता जेवता उठून आले असणार.

"आप्पा, मी भवानी. ऐकू येतंय का?"

खरखर. मग "हां, हां, बोला."

"मी लवकर येतेय. एकटी. सोमवारी जहाज लागेल. बंदरावर याल का?"

"सोमवारी," आप्पा म्हणाले. "सरी. सांगतो तिला."

"कुणाला? आप्पा, मी बोलतेय. मी भवानी."

"हां, कळलं. जेवायला बसलीय ती. उठली की सांगतो." त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. सौम्य, थोडा संकोचलेला, परक्या माणसाशी बोलताना असतो तसा. "आपण जेवलात का?"

लाईन तुटली.

खरखर फार होती. बाईचा आवाज, परदेशातून, त्यांना तो आत्याची कुणी मैत्रीण वाटली असेल. "तिला" म्हणजे आत्याला. आत्या जेवायला बसली असेल. मी हे टपाल कचेरीच्या पायरीवर बसून स्वतःला नीट समजावलं. समजावणं चांगलं होतं, त्यात एकच खोट होती. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय आत्या कधी बसत नाही, आणि आप्पांनी तिला कधी "ती" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. "अक्का" म्हणतात.

५

बंदरावर कुणी आलं नव्हतं. मी पाठपिशवी चढवली, रिक्षा केली. मद्रासचं भर दुपारचं ऊन, डांबर वितळलेलं, स्टेशनपाशी संत्रीवाल्यांच्या हाका. सगळं जसंच्या तसं. रिक्षावाल्याने मीटरवरून भांडण काढलं तेव्हा मला बरं वाटलं. निदान भांडायला मी त्याला दिसत होते.

दार उघडं होतं. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवतात, हळद-चुन्याचं लाल पाणी ओवाळतात, मगच आत घेतात. मी थांबले. ओवाळून घ्यायला थांबले, मी! आत्या आतून आली, हात पदराला पुसत. माझे कापलेले केस, उन्हाने काळवंडलेलं तोंड, पाठीवरचं ओझं, सगळं तिने पाहिलं असणार.

"उन्हात काय उभी राहिलीस गे?" ती म्हणाली. "पाय धू."

"आत्या, मी आले."

"दिसतंय की."

"ओवाळणार नाहीस?"

तिला खरंच समजलं नाही. "कशाला? कोपऱ्यावर जाऊन आलेल्याला ओवाळतात होय?"

मी पिशवी ओसरीवर टेकवली आणि आत गेले. आप्पा खिडकीखाली सुपारी कातरत होते. मान वर करून माझ्याकडे बघून हसले, पुन्हा कातरायला लागले. जेवणं नुकतीच झाली होती. जमिनीवर पानं अजून उचललेली नव्हती. खिडकीखाली एक, उंबऱ्यापाशी एक, मागच्या दाराशी एक.

मागच्या दाराशी असलेलं पान माझ्या जागेकडे मिटलेलं होतं. ते आत्याने मिटलेलं असणार, तसा नियमच. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले. दूर गेलेल्या माणसाच्या पानावर घासभर भात असतो, तो कावळ्याला गेला की पान जवळजवळ कोरंच असतं. मी कड धरून ते उघडलं.

पान पुसून जेवलेलं होतं. बोटांच्या रेघा ओल्या होत्या. एका बाजूला चघळलेल्या शेवग्याच्या शेंगांचा ढीग. वरच्या कडेला कढीपत्ता, एका रांगेत, देठ सगळे एका बाजूला.

पान अजून कोमट होतं.

तेवढ्यात अंगणात नळ सुरू झाला. कुणीतरी हात धूत होतं. घाई नव्हती. चूळ भरल्याचा आवाज आला, मग तांब्या खाली ठेवल्याचा. मागचं दार अर्धं उघडं होतं. दोरीवर आत्याचं लुगडं वाळत होतं, त्याच्या खालून पाय दिसत होते, ओले, चवड्यांवर बसल्यासारखे. वाऱ्याने लुगडं हललं. मोहरी रंगाची दावणी, परकरावरची अर्धी साडी, दिसली. कॉलेजात गेल्यावर मी घालायची सोडलेली, ट्रंकेत ठेवलेली. पाठीवर वेणी. तेल लावलेली, लांब, टोकाला अबोलीचा गजरा. माझी पाठ मी कधी पाहिलेली नाही, कुणीच आपली पाहत नाही. तरी ती मला ओळखीची वाटली.

वेणी हलली. ती वळत होती.

मी मान खाली घातली. मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला फक्त इतकं कळलं, की हिने एकदा माझ्याकडे पाहिलं तर या घरात बघणारी ती होईल आणि नुसती दिसणारी, भासापुरती, मी.

६

मी माझ्या पाटावर बसले. "मला वाढ."

"अगं, आत्ताच तर उठलीस," आत्या म्हणाली.

"मला भूक लागलीय. वाढ."

आत्या उभी राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या डोक्यावरून, मागच्या दाराकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. विचारल्यासारखं. जन्मभर जिने कुणाला काही विचारलं नाही ती बाई माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारत होती, वाढू का?

"आप्पा," मी म्हटलं. "आप्पा, सांगा तिला."

आप्पांचा अडकित्ता थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले, फार वेळ, धुक्यात पाटी वाचतात तसे डोळे बारीक करून. मग म्हणाले, "वाढ, अक्का. पोर लांबून आल्यासारखी दिसतेय."

आत्याने पान मांडलं. भात, वरण, पच्चडी. मी जेवले. किती तरी दिवसांत दुपारची भूक अशी लागली नव्हती. घास पोटात जात होता, आणि प्रत्येक घासाबरोबर मागे अंगणात काहीतरी मागे सरकत होतं, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच मी म्हणू शकते. नळ ठिबकत होता. मी कढीपत्ता काढून रांगेत लावला. रांग वाकडी झाली.

दहीभात संपला. पानाची कड धरायची वेळ आली.

निघताना मी पलीकडे मिटलं होतं. ते पुन्हा केलं असतं तर मला अभिमान वाटला असता. पण दार माझ्या पाठीशी होतं, आणि ओल्या तेलाचा, अबोलीचा वास अगदी माझ्या मानेपाशी होता.

मी पान माझ्याकडे मिटलं. चांगलं दाबून.

नळ थांबला. मागच्या दारातून बोळात कुणीतरी गेलं. पावलं हलकी होती, भिंतीला धरून चालल्यासारखी. बोळ पुढे ओसरीपाशी निघतो. ओसरीवर जराशी हालचाल झाली, एक ओझं उचलून खांद्यावर नीट बसवतात तेवढीच. मग गल्लीत चपला वाजल्या, लांब गेल्या.

आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शहाणी गे माझी."

मी धावत बाहेर आले. गल्ली रिकामी होती. ओसरीवर ओल्या पावलांचे ठसे वाळत होते. माझी पाठपिशवी तिथे नव्हती.

७

त्या संध्याकाळी आप्पा कचेरीतून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "आज बोट मेलला एक पोर चढली. पाठीवर खाकी पिशवी, पट्ट्याला लाल कापड. तुझी होती ना तसली एक?"

बोट मेल रामेश्वरला जाते. तिथून सिलोनची बोट मिळते.

"तोंड पाहिलंत?"

"गर्दी होती. केस बारीक कापलेले होते, एवढं दिसलं."

आत्या तेलाची वाटी घेऊन आली, मला पुढ्यात बसवलं आणि वेणी घातली. वेणी घालण्याइतके केस मला होते.

अड्यारला रुजू व्हायची तारीख आली. आत्या म्हणाली, उद्या जा, आज अमावास्या आहे. उद्या म्हणाली, परवा जा. मग तारीख गेली. मला राग आला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तो कधी यायचा हे मला नीट आठवतं. छातीत डाव्या बाजूला एक निखारा असायचा. मी तिथे हात ठेवून बघते. थंड नाही, पण कुणीतरी नेल्यासारखी ती जागा आहे. मोहरी रंगाची दावणी मला अजून व्यवस्थित बसते.

आज दुपारी मी पाटावर बसले. अजून कशाला हात लावला नव्हता. कपाळावरचा घाम पुसला आणि बोटांना वास आला. कोळशावर भाजलेल्या मासळीचा, नारळाच्या दुधाचा, गवती चहाच्या ओल्या काड्यांचा. बरोबर मीठ. समुद्राचं, डेकवर वाळणारं. मी डोळे मिटून बोटं नाकाशी धरली. कुठेतरी दूर कुणीतरी मोठ्याने हसत होती, आणि तिच्यासमोर भरलेलं ताट होतं.

डोळे उघडले तेव्हा आत्या चौथं पान मांडत होती. माझ्या आणि मागच्या दाराच्या मध्ये. तिने पाणी शिंपडलं, घासभर भात ठेवला, वर तुपाची धार.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"भवानीचं," आत्या म्हणाली. "पोर परक्या मुलखात आहे. उपाशी राहू नये."

आप्पा मान खाली घालून भात कालवत होते.

"आणि मी, आत्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेने तिने मला कधीच पाहिलं नव्हतं. लहानपणी नाही, तापात नाही, परीक्षेत पहिली आले तेव्हाही नाही. तिने माझ्या भातावर जास्तीचं तूप घातलं.

"तू जेव," ती म्हणाली.

मी जेवले. चांगलं, पोटभर. मग पान माझ्याकडे मिटलं, आणि मिटताना पाहिलं, वरच्या कडेला एकही कढीपत्त्याचं पान नव्हतं. सगळी मी खाल्ली होती.